फुलामागून येणारं पान

मी कुडपणचा. जन्म इथला, शाळा दुसरीपर्यंत, ती पण मास्तर पळून गेला म्हणून सुटली, त्यात माझ्या डोक्याचा दोष नाय. भैरी आमचा देव, त्याच्या रानाची राखण आमच्या घराकडं, आधी बापाकडं, मग माझ्याकडं. त्या रानातली वाळकी काटकी पण भैरीला विचारल्याबिगर कोण उचलत नाय.

काय सांगू तुम्हाला, एकदा पुण्याच्या कॉलेजातले मास्तर आले, पोलादपुरापर्यंत मोटार, पुढं पायी, रानफुलं शोधत. मी त्यांना पाचोळ्यातलं ते फूल दाखवलं, पांढुरकं, एका दांड्यावर एकच, पान नाय काय नाय. म्हटलं, फूल मेलं की याचं पान येतं, भुईलगत, गोल, एकच. मास्तर म्हणाले, बाबा, ते पान दुसऱ्या कशाचं असेल, फुलाखालचा कंद उपटून बघितल्याशिवाय मी कसं लिहू. म्हटलं, मी सांगतोय ना. म्हणाले, नुसत्या सांगण्यावर चालत नाही. मला राग आला, तरी कंद काढू का म्हणून कौल मागायला भैरीच्या पाषाणाला दोन ओल्या कळ्या लावल्या, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाय. डावी पडली.

मास्तर म्हणाले, परत लावा. म्हटलं, सालातून एकदाच, देव काय तलाठी हाय, सारखं सारखं विचारायला? झोळी उचलून डोंगर उतरले. पण माणूस चिवट, माझ्यासारखा. दर ज्येष्ठात यायचे, कळी लावायला सांगायचे, डावी पडायची, भाकरी खाऊन जायचे. वाडीतले मला टोचायचे, काय रे, तुझा पावना कंद न्यायला येतो का नाचणी संपवायला?

मग एका साली उजवी पडली. रानात गेलो तर डुकरांनी सगळं उकरलेलं, एकच फूल उरलेलं. मास्तर हातात खुरपं घेऊन बसून राहिले. म्हटलं, काढा, आता देवानंच दिलंय. तर म्हणाले, हे काढलं तर मागं काय राहिलं, बाबा?

खुरपं झोळीत टाकलं, फुलाभोवती दगडांचं कडं केलं, म्हणाले, कड्यात पान आलं की कळवा, मी येऊन बघतो, मग लिहितो.

फूल सुकलं. मी रोज जायचो, पावसात, घोंगडी घेऊन. आणि आलं पान, त्याच दांड्याच्या बुडातून, गोल, एकच. पुण्याला जाणाऱ्याकडं निरोप धाडला. तो परत आला, म्हणाला, मास्तर वारले, मी पोचायच्या आधीच.

आता माझ्याच्यानं चढ होत नाय. कडं अजून तिथंच हाय, दगड कोणी हलवू नका. तुम्हाला लिवता येतंय ना? मग लिवा. पान त्याच फुलाचं. मी बघितलंय.