स्कार्फच्या टोकाची गाठ

मंडळी, ऐका. आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. आपण चांगलं काम केलं, हे ठरवायचं कुणी? करणाऱ्यानं, बघणाऱ्यानं, की ज्याच्यासाठी केलं त्यानं? हसू नका. परवाच एक गृहस्थ मला सांगत होते, "बुवा, मी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही." म्हटलं, असं कोण म्हणतं? तर म्हणाले, "मीच म्हणतो की." घ्या! वादीही हेच, वकीलही हेच आणि न्यायाधीशही हेच!

आमचे गुरुजी एक साधं पद म्हणायचे — "बांधिली मी गाठ हाती, सोडणारा तूच रे." तबलजी, जागे आहात ना? मग ठेका धरा. बांधायचं आपण, सोडायचं त्यानं. हे मला कुठं कळलं म्हणाल, तर कुठल्या पोथीत नाही. पोरींच्या गळ्यातल्या एका फडक्यात कळलं.

शाळेत स्काऊट-गाईडची मुलं पाहिलीत ना? गळ्यात तो तिकोनी स्कार्फ. आपल्याला वाटतं, शोभेची वस्तू आहे. शोभेची नाही हो. सव्वाशे वर्षं होत आली, साहेबाच्या देशात एका लष्करी माणसानं वीस-एक मुलं एका बेटावर राहायला नेली. तिथून ही चळवळ निघाली आणि स्कार्फ तिच्या गळ्यातच पडला. उन्हात मानेवर घ्या, धुळीत नाकाला बांधा, डोकं फुटलं तर पट्टी करा, हात मोडला तर झोळी करा. आपला शेतकरी खांद्यावरच्या पंच्याचं काय काय करतो? तोंड पुसतो, भाकरी बांधतो, डोक्याला गुंडाळतो. तेच हे. प्रत्येक पथकाचा रंग वेगळा, म्हणजे लांबूनच कळावं, पोरगं कुठलं. आधी गळ्याशी गाठ मारायचे. पुढं कापड चुरगळतं म्हणून चामड्याची कडी आली. तिला म्हणतात वॉगल. गळ्यातली गाठ गेली, पण टोकाची एक गाठ राहिली. आख्यान त्या गाठीचं.

निंबळगावच्या कन्याशाळेत मोहोळकर बाई होत्या. गाईडच्या कॅप्टन. आवाज असा, की प्रार्थनेला उभ्या राहिल्या की रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा उतरून चालायचा. त्यांचा एक नेम होता. सकाळी स्कार्फच्या एका टोकाला छोटी गाठ मारायची. दिवसात एक सत्कृत्य केलं, की सोडायची. तोवर ती गळ्याशी लोंबत राहणार, आठवण देत. आणि दुसरा नेम त्याहून कडक — केलेलं सत्कृत्य आपल्या तोंडानं सांगायचं नाही. सांगितलं की गेलं.

त्या साली राज्याच्या मेळाव्यात शाळेचा झेंडा घेऊन जायला एकच मुलगी निवडायची होती. बाईंनी जाहीर केलं, "शनिवारी चार वाजता तपासणी. गणवेश नीटनेटका हवा, आणि गाठ सुटलेली हवी."

वैजयंता ढवळे नावाची नववीतली मुलगी. वडील टांगेवाले. या पोरीनं तालुक्याच्या पलीकडचं गाव पाहिलेलं नव्हतं. महिनाभर घरात लाटणं खांद्याला लावून झेंडा धरायचा सराव करत होती. आई म्हणायची, "अगं, पोळ्या कशानं लाटू?" एवढा जीव लागला होता तिचा त्या झेंड्यात.

शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस. अकरा मुलींनी दुपारपर्यंत गाठी सोडल्या. कशा? एकीनं मैत्रिणीला खोडरबर दिलं, सुटली गाठ. एकीनं गाईला केळ्याची साल घातली, सुटली गाठ. आणि उज्ज्वला म्हणून एक हुशार मुलगी, तिनं एका आजोबांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला. आजोबा ओरडत होते, "अगं, मला अलीकडंच बसायचंय!" पण सत्कृत्य म्हणजे सत्कृत्य. आपल्यातही आहेत असे परोपकारी. मी बघतोय त्यांच्याकडंच.

वैजयंता साडेतीनला घरून निघाली. गणवेश कडक इस्त्रीचा, पण गाठ तशीच. दिवसभर इस्त्री आणि वेण्या यातच गेलेली. मनात म्हणाली, वाटेत काहीतरी करते आणि सोडते. आणि वाटेत बाजाराच्या कोपऱ्यावर गजराबाई कुंभारीण पाटीभर मडकी घेऊन घसरली. मडक्यांचे तुकडे चारी दिशांना, आणि उजवा हात कोपराखाली भलताच वाकलेला. माणसं जमली. म्हणजे काय केलं? जमली. "चक्कर आली असेल", "पाणी द्या", "बाजूला व्हा". जो तो सांगतोय, करत कुणी नाही.

वैजयंता वाकली. गळ्यातला स्कार्फ काढला, त्याची झोळी केली, हात अलगद त्यात घेतला आणि मानेमागं दोन टोकं बांधली. एका टोकाला सकाळची गाठ होतीच, तिच्या अलीकडं बांधलं. गजराबाईला धरून सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टर येईपर्यंत तिच्याजवळ बसली. घड्याळाकडं लक्ष गेलं तेव्हा साडेचार होऊन गेले होते. धावत शाळेत आली. वेणी सुटलेली, गणवेशाला माती, गळा मोकळा.

बाईंनी विचारलं, "स्कार्फ कुठं आहे?"

"माझ्याकडं नाही, बाई."

"हरवला?"

"नाही, बाई."

"मग?"

मंडळी, एक वाक्य बोलली असती तर झेंडा तिचा होता. पण सांगितलं की गेलं! बाई म्हणाल्या, "रांगेबाहेर हो." आणि उज्ज्वलाचं नाव जाहीर झालं. वैजयंता घरी गेली, लाटणं आईच्या हातात दिलं आणि कोपऱ्याकडं तोंड करून रडली. का रडू नये? लहान लेकरू ते.

सोमवारी सकाळी सगळ्या झेंड्यासमोर उभ्या, तेवढ्यात फाटकातून गजराबाई आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात घडी घातलेला स्कार्फ. मास्तरीण कोण, हे विचारत बाईंपुढं आली.

"ह्यो तुमच्या पोरीचा. माज्या हाताला बांधला व्हता तिनं शनवारी. नाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं, पर रंगावरनं लोकांनी तुमची साळा सांगितली. सुनेनं धुतलाय. पर ही टोकाची गाठ न्हाई सोडली. म्हटलं, पोरीनं काय बांधून ठिवलं आसंल. दुसऱ्याची गाठ आपुन सोडू न्हाई."

बाईंनी स्कार्फ हातात घेतला. गाठ तशीच होती. बाई वैजयंताकडं वळल्या. "गाठ का नाही सोडलीस?"

"ध्यानातच राहिलं नाही, बाई."

कळलं का, मंडळी? खोडरबर देणारीला गाठ आठवली. साल टाकणारीला आठवली. आणि जिनं खरोखर केलं, ती विसरली. सत्कृत्य करताना ज्याला आपली गाठ आठवते, त्याचं निम्मं लक्ष स्वतःच्या गळ्याकडं असतं.

मोहोळकर बाईंचा तो आवाज, त्या दिवशी कुणाला नीट ऐकूसुद्धा आला नाही. म्हणाल्या, "पोरी, माझं चुकलं." मग गजराबाईला म्हणाल्या, "आजी, ही गाठ तुम्हीच सोडा. हक्क तुमचा आहे."

धुऊन वाळलेली गाठ ती, घट्ट झालेली. एका हातानं सुटेना. म्हातारीनं दात लावले. किती वेळ लागला असेल! पण एकही मुलगी हसली नाही. शेवटी सुटली. गजराबाईनं उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाली, "आत तर कायच न्हाई गं!"

तेवढ्यात उज्ज्वला रांगेतून पुढं आली. तिनं आपल्या स्कार्फच्या टोकाला परत गाठ मारली आणि म्हणाली, "बाई, माझी अजून सुटायची आहे. झेंडा वैजूनं न्यावा." ही पोरगीही थोर हो. चुकणं सगळ्यांना येतं, सगळ्यांसमोर परत गाठ मारायला छाती लागते.

मग बाराही जणींनी गजराबाईशी डावा हात मिळवला. स्काऊट-गाईड डाव्याच हातानं भेटतात, त्यांची रीत आहे. म्हातारीला काय ठाऊक? तिला वाटलं, आपला उजवा जायबंदी म्हणून पोरी डावा देतायत. डोळे पुसत म्हणाली, "कुनी शिकिवलं गं तुमास्नी येवढं?"

आता तुमच्याकडं येतो. सुटका नाही. हे माझं उपरणं बघा. टोकाला गाठ आहे, आज सकाळी मारलेली. तासभर कीर्तन केलं, घसा बसला, म्हणून सोडू? नाही. माझा सख्खा भाऊ चार घरं सोडून राहतो. तीन वर्षं झाली, उंबऱ्याला पाय लावलेला नाही मी. आणि इथं उभा राहून तुम्हाला शहाणपण सांगतोय. ही गाठ त्यानं सोडायची आहे. आरती झाली की त्याच्याकडंच निघालोय.

तुमची कुणाकडं अडकलीय, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पदर असेल पदराला, पंचा असेल पंच्याला, जाताना एक गाठ मारा. आता आरतीला उठा. उठताना शेजारच्या म्हातारीला हात द्या. पण तेवढ्यावर लगेच गाठ सोडू नका हो, तिला आधी विचारा, उठायचं होतं का म्हणून.

बांधिली मी गाठ हाती, सोडणारा तूच रे.