चूल नसलेलं धुराडं

(घरामागची बाग. वारसा-खात्याचे साहेब कागद हातात धरून छपराकडे बघताहेत.)

साहेब : बाकी सगळं नोंदलं, आत्याबाई. पण त्या धुराड्याखाली चूल कुठाय?

आत्याबाई : नाहीये.

साहेब : मग धूर कुठून जायचा?

आत्याबाई : गेलाच नाही कधी. पारवे राहतात त्यात. तुम्ही नोंद करा हो. नोंद झाली की घराला कुणी हात लावायचा नाही, असंच ना? सोमवारी पुतण्या पाडणारी माणसं आणतोय. मला म्हणतो, फ्लॅटमध्ये तुला वेगळी खोली! खिडकी उघडली की समोर शेजाऱ्याचं न्हाणीघर.

माळी : आणि बागेच्या जागी गाड्या. मला म्हणाला, काका, चार कुंड्या ठेवू की तुमच्यासाठी.

साहेब : होईल नोंद. फक्त घर परदेशातून परतलेल्या माणसानं बांधलेलं हवं. हे बांधणारे तुमचे वडील किती वर्षं होते तिकडे?

आत्याबाई : सात.

माळी : ताई, सांगून टाका. उद्या पुतण्यानंच उकरून काढलं, तर नोंद जाईल आणि अब्रूही.

आत्याबाई : माळीबुवा, झाडांना पाणी घाला.

माळी : सकाळीच घातलं.

साहेब : काय सांगायचं राहिलंय?

आत्याबाई : बोटीत चढलेच नाहीत हो ते. डॉक्टरनं डोळे तपासले, रोग आहे म्हणाला आणि मागे फिरवलं. लाजेनं घरी आले नाहीत. सात वर्षं बंदरावरच, बोट-कंपनीच्या गोदामात कामाला. तिथल्या बिस्किटाच्या डब्यावर एक बंगला होता, तो बघून हे बांधलं.

माळी : धुराड्यासकट. डब्यावर होतं ना! आणि फाटकातला तो परदेशी ताड माझ्या बापानं कालव्याकाठून उपटून दिलेला.

साहेब : अहो, मग गल्लीतली बाकीची नऊ घरं? ती तर खरोखर परतलेल्यांची. त्यांनाही हेच धुराडं, बिनचुलीचं!

आत्याबाई : आमचं बघून बांधली. ती माणसं तिकडे एका खोलीत बारा-बारा जण राहिली. बंगल्यात त्यांना कोण घेतंय? आल्यावर पंचाईत, तिकडच्यासारखं घर बांधायचं कसं? मग बाबांना विचारायला यायचे.

साहेब : आणि बाबा सांगायचे?

आत्याबाई : ऐटीत. पायऱ्या किती हव्यात, तेसुद्धा.

साहेब : नऊ घरांवर मी पाट्या लावल्यात, ‘परदेशी शैलीचा अस्सल नमुना’. गेल्याच महिन्यात. माझ्या सहीनं.

माळी : मग अस्सल नमुन्यांच्या बापालाच वगळून कसं चालेल, साहेब?

साहेब : गप्प बसा हो. करतोय ना नोंद! या रकान्यात काय लिहू? ‘परदेशातून परतले’?

आत्याबाई : नुसतं ‘परतले’ लिहा. आईनंही पुढचं कधी विचारलं नाही.