पिशव्यांपाशी कोण बसणार?

…मजा? कसली मजा, सांगा ना! परवा ती परभणीची पाहुणी मला म्हणती, "मनकर्णाबाई, तुमचं बरंय हो, औरंगाबादला दिलेली पोरगी म्हणजे नशीबच! उठलं की मकबरा, बसलं की पाणचक्की, जरा पाय मोकळे करावं म्हणलं की दौलताबाद अन् वेरूळ!" व्हय बाई व्हय, लई नशीब! तुम्हाला सांगते, ह्या गावात सून म्हणून आले तवापासून मी काय बघितलं असंल तर ते धपाटे. मकबरा बघायला पाहुणे आले, कर धपाटे. अजिंठ्याला निघाले, लांबचा पल्ला, मंग धपाटे अन् दशम्या, वरून शेंगदाण्याची चटणी… आता तुम्ही म्हणाल, बाई डबे भरून घरी बसत असंल. नाय हो! तसं असतं तर बरं होतं, दुपारची जरा आडवी तरी झाले असते. मला न्यायचे. सगळीकडं न्यायचे! अन् फाटकापाशी आलं की सगळी फौज थांबायची, अन् कुणीतरी इचारायचं, "पण पिशव्यांपाशी कोण बसणार?"

कारण माकडं! पिशवी दिसली की माकड आलंच, अन् आमच्या धपाट्यांचा वास तर त्यांना खुलताबादपस्तोर जात असंल. मंग समदे एकमेकांकडं बघायचे, आभाळाकडं बघायचे, चपलांकडं बघायचे, अन् फिरून फिरून नजर माझ्यावर. "मनकर्णा बसंल की! तिचं काय, ती इथलीच. आपलंच हाय, कुठं पळून जातंय?"

हे 'आपलंच हाय' आमच्या सासऱ्यांचं, तात्यासाहेबांचं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं, तवा म्हणे तात्यासाहेब फेटा बांधून, मुकुंदवाडीहून बैलगाडी जुंपून थेट दौलताबादला गेले, किल्ल्याच्या भिंतीला हात लावला अन् म्हणले, "आजपासून हे आपलं!" अन् तसेच माघारी! लोक म्हणले, "अहो, एवढं गेलात तर वर चढून तरी यायचं!" तर म्हणतात कसे, "आता आपलंच हाय, कुठं पळून जातंय?" बिचारे जाईपस्तोर चढले नायत. किल्ला हाय तिथंच हाय, तात्यासाहेब गेले. पण त्यातून कुणी काही शिकलं का? छ्या! वाक्य तेवढं घरात ठेवून घेतलं.

मला तुम्ही फाटकाच्या अलीकडचं काहीपण इचारा. दौलताबादला सावली कुठं पडती, सरकती कुठं, अजिंठ्याला नळाला पाणी कवा येतं, मकबऱ्याच्या भायेर कोणत्या कट्ट्याला मुंग्या नसत्यात… फाटकाच्या पलीकडचं मात्र इचारू नका. दौलताबादला एक सीताफळवाली बसायची, लई मायेची बाई. मला बघितलं की टोपलीमागून हाक मारायची, "आओ आपा, फिर नीचेच बैठे? ऊपर जाते नै क्या?" मी म्हणायचे, "क्या करू आपा, पिशव्या हाय ना!" तर ती म्हणायची, "मैं बी नै गई. टोकरी कौन देखता?" मंग आम्ही दोघी सीताफळ खात बसायचो, अन् वरून येणारे धापा टाकत आम्हालाच सांगायचे, "अहो, काय ती अंधारी वाट! हाताला हात दिसत नाय!" आम्ही म्हणायचो, व्हय का! अगंबाई!

अन् आमचे मालक! ते तर पाहुण्यांचे गाईड. हातात काठी, डोक्याला टोपी. एरवी घरात मीठ मागायला दोन शब्द बोलायचं नाय हे माणूस, पण वेरूळला गेलं की जी जीभ सुटायची! "हा कैलास! एकाच खडकातून कोरलाय! वरून खाली! आधी कळस, मंग पाया!" हे मी कसं ऐकलं? तर जाताना एस्टीत ऐकलं, येताना एस्टीत ऐकलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला म्हणले होते, "तुला एकदा निवांत दाखवीन, आपण दोघंच जाऊ." मी त्या बोलण्यावर किती वर्षं काढली म्हणून सांगू! आधी लेकरं लहान, मंग सासूबाईंचं दुखणं, मंग पाहुणे, पाहुणे, पाहुणे… मी आठवण केली की म्हणायचे, "अगं जाऊ की! आपलंच हाय, कुठं पळून जातंय?"

लेणं नाय पळालं हो. माझे गुडघे पळाले.

अन् तुम्हाला एक सांगते, त्या कैलासाचं भायेरून काहीपण दिसत नाय. नुसती एक मोठी भिंत! मी आपली समोर झाडाखाली पिशव्या घेऊन बसायची अन् त्या भिंतीकडं बघत ऱ्हायची. लोक आत जायचे बडबड करत अन् भायेर यायचे गप होऊन. आमच्या नणंदबाई, भागूबाई, ज्यांचं तोंड झोपेतपण मिटत नाय, त्यापण गप! मला वाटायचं, असं काय हाय बाई त्या भिंतीमागं? जीव नुसता तुटायचा.

तर औंदा ह्याच भागूबाई आल्या, त्यांच्या लेकीच्या सासरची माणसं घेऊन. मी धपाटे केले. गेलो वेरूळला. फाटक आलं, समदे आभाळाकडं बघायला लागले… अन् माझी सून आवडा, नवीनच हाय पोरगी, मागून म्हणती, "आत्याबाई, आज मी बसते पिशव्यांपाशी. तुम्ही जा." तुम्हाला खोटं वाटंल, पण मला पिशवी सोडवंना! आवडानं बोटं उकलून घेतली.

आत गेले. त्या भिंतीतल्या दारातून आत पाऊल टाकलं, मान वर केली… अन् काय सांगू? अख्खा डोंगर हो! डोंगराच्या पोटात देऊळ, देवळाला हत्ती, हत्तींच्या पाठीवर समदा भार, अन् अंगणात एक हत्ती आपला सुटा उभा, सोंड तुटलेली, तरी ऐटीत. माझ्या डोळ्यांना धारच लागली. भागूबाई म्हणत्यात, "वहिनी, रडायला काय झालं? गुडघा दुखतोय का?" म्हणलं, व्हय वन्सं, गुडघाच. काय सांगणार त्यांना? मला रडू आलं ते हे की, एवढं माझ्या दारात होतं अन् मी भिंत बघत बसले!

वरच्या मजल्यावर जायचा जिना आला. पायऱ्या उंच, गुडघे म्हणले, बस झालं. मी खालच्या पायरीवर टेकले. तर ह्या भागूबाई, देवाच्या दर्शनाला वर निघाल्या, चपला काढल्या अन् म्हणत्यात, "वहिनी, तू बसलीच हाय तर एवढ्या चपलांकडं बघ." घ्या! कैलासात आले तरी राखणच! वरचा मजला राहिला तो राहिलाच.

पण घरी आले ती नुसती भरून आले. कुणाला सांगू अन् कुणाला नको! मालक पेपर वाचत होते. म्हणलं, "अहो, तो अंगणातला हत्ती…" पेपर खाली न घेता म्हणले, "व्हय, तो तिथंच असतो." झालं! शेजारणीकडं गेले, तर ती म्हणती, "अगं आम्ही कितींदा बघितलंय!" बघितलंय, बघितलंय, समद्यांनी बघितलंय, अन् माझेच धपाटे खाऊन बघितलंय! आयुष्यात एकदा मला काही सांगायचं होतं, अन् ऐकणारं कुणी नाय. लई वाईट वाटलं हो. बघायचं राहिलं होतं तवापण एवढं वाटलं नव्हतं.

मंग दिवाळीला पाहुणे आले, परत वेरूळ, परत फाटक. कुणी आभाळाकडं बघायच्या आधीच मी पिशव्यांवर बसकण मारली. आवडाला म्हणलं, जा, अन् वर जा, तुझे पाय चालत्यात तवर समदं बघून घे. ती म्हणती, "बघू की आत्याबाई, आपलंच हाय…" मी असे डोळे वटारले की पोरगी पळतच सुटली.

लई येळानं आली. गाल लाल, पदर खांद्यावरून घसरलेला, श्वास पुरंना. माझ्यासमोर मातीत फतकल मारली, माझा हात धरला अन् म्हणती, "आत्याबाई, सांगू का, तिथं अंगणात एवढा मोठा हत्ती हाय!"

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, 'बघितलाय मी.'

…काय करता? पिशवी मांडीवर घेतली, अन् म्हणलं, "अगंबाई! व्हय? हत्तीपण हाय का तिथं?"