ब्रेक लागणाऱ्या निळ्या सायकलीबाबत

मी, नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे तीच. वय सत्तरच्या पुढे; दाखला नाही, गुडघे आहेत. धंदा : नातीला वेळेवर घराबाहेर काढणे (हवालदारांनी आधी ‘काही नाही’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले). राहणार : बस थांब्याच्या वर चढावर पिवळी इमारत, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. लिहिता-वाचता येत नाही, बोलता येते.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणी न पढवता जबाब देते की,

मी वरील खोलीत माझ्या नातीसोबत राहते. नात कॉलेजात शिकते. तिचे आई-वडील नोकरीमुळे दुसऱ्या गावी असतात व तिच्यावर लक्ष ठेवायला त्यांनी मला इथे ठेवले आहे. नातीला वाटते की माझ्यावर लक्ष ठेवायला तिला ठेवले आहे. आज तिची तोंडी परीक्षा आहे. परीक्षा घेणारे बाहेरून एका दिवसापुरते येतात. नाव पुकारल्यावर जो हजर नसेल त्याचे वर्ष गेले. ही गोष्ट जबाबात सगळ्यात आधी लिहा असे मी म्हणाले, तर हवालदार म्हणाले, “आजी, आधी चोरीचं सांगा.” चोरी झालेलीच नाही, म्हणून मी परीक्षेचे आधी सांगितले.

आमच्याकडे एक निळी सायकल आहे. जुन्या सायकलींच्या दुकानातून घेतलेली. ती एकट्या नातीची नाही. आमच्या खाली राहणाऱ्या नर्सची अर्धी आहे. नर्सला कायम रात्रपाळी असते. सकाळी नात सायकलवर उतार उतरून थांब्यावर जाते, सायकलला कुलूप लावते. बस येते. बसमधून नर्स उतरते, नात चढते, आणि बसच्या दारातच किल्ली या हातातून त्या हातात जाते. नर्स सायकल घेऊन वर येते. संध्याकाळी उलटे. ती उतरते, ही चढते, परत किल्ली. कंडक्टरला हे माहीत आहे. किल्ली दिल्या-घेतल्याशिवाय तो घंटी मारत नाही. अशा रीतीने सदर सायकल कधी रिकामी बसत नाही आणि त्या दोघी कधी दोन मिनिटे एकमेकींशी धड बोलत नाहीत.

सायकलचा ब्रेक लागत नाही. उतारावर दोघी चप्पल घासत उतरतात. ब्रेक कोणी करून आणायचा यावरून महिनाभर अबोला होता. नात म्हणे, “मागच्या वेळी पंक्चर मी काढलं होतं.” नर्स म्हणे, “चेन मी बसवून आणली, तेव्हा कुठे होती ही?” दोघी आपापले गाऱ्हाणे माझ्याकडे आणत. मी दोघींना सांगायचे, तुझंच बरोबर आहे. (हवालदारांनी विचारले, दोघींचे कसे बरोबर? मी म्हणाले, तुमचं लग्न झालंय ना?)

मागच्या सोमवारी संध्याकाळी नर्स सायकल घेऊन उताराला लागली, ती मला हाक मारून सांगायला परत आमच्या इमारतीच्या फाटकाशी आली. म्हणाली, “आजी, ब्रेक लागतोय! नमली बघा तुमची नात.” मी म्हणाले, “तिला बोलून दाखवू नकोस. लाजेल.” त्याच संध्याकाळी नात घरी आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, “आज्जी, नर्सताईनं ब्रेक केला गं. हरली शेवटी.” मी म्हणाले, “विचारू नकोस हो तिला. उगाच डिवचल्यासारखं होतं.” त्यामुळे दोघींपैकी कोणीही विचारले नाही. दोघी जिंकल्याच्या आनंदात होत्या. मीही होते, कारण घरात शांतता होती. ब्रेक नक्की कोणी केला हे मला कळून घ्यायचे नव्हते. गॅलरीतून पाहिले तर सायकल निळी होती. निळी म्हणजे आमची, एवढाच माझा हिशोब.

आता कळले ते असे. त्या सोमवारी सकाळी नर्स बसमधून उतरली तेव्हा ती नेहमीप्रमाणे निम्मी झोपेत होती. थांब्यावर दोन निळ्या सायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. तिने जिला किल्ली लावली ती उघडली. उघडली म्हणजे आपली, असे कोणालाही वाटेल. तिला काय माहीत, की कोपऱ्यावरचा कुलूपवाला सगळ्यांना एकाच जातीची कुलुपे विकतो आणि एकाची किल्ली दुसऱ्याला बिनदिक्कत चालते.

दुसरी सायकल फिर्यादीची. फिर्यादी हा त्याच कॉलेजात शिकणारा, आमच्याच चढावर दोन इमारती सोडून राहणारा इसम आहे. (‘इसम’ हा शब्द हवालदारांचा. मी पोरगा म्हणाले होते.) तो संध्याकाळी थांब्यावर आला तेव्हा तिथे एकच निळी सायकल उरली होती. त्याचीही किल्ली लागली. चढ असल्यामुळे तो सायकल हातात धरून चालत घरी गेला, त्यामुळे ब्रेकची गरज पडली नाही. नंतर सर्दी-तापाने तो घरीच पडून होता. आमची सायकल त्याच्या जिन्याखाली आणि त्याची आमच्या. हे सगळे त्याने इथे बाकावर बसून स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे. मी मधे बोलले नाही.

आज तो बरा होऊन वाचनालयाचे पुस्तक परत करायला निघाला. सायकलवर बसला, उतार सुरू झाला, ब्रेक दाबला. त्याला चप्पल घासायची सवय नसल्यामुळे तो कुठेही थांबू शकला नाही. उताराच्या खाली समोरच हे पोलीस ठाणे आहे आणि फाटक उघडे होते. तो सरळ आत आला व साहेबांच्या कुंड्यांवर जाऊन थांबला. कुंड्या फुटल्या. पोराला लागले नाही. हवालदारांनी त्याची मानगूट धरली तेव्हा त्याने खाली सायकलकडे नीट पाहिले व ओरडला, “अहो, ही माझी नाहीच! माझी चोरीला गेलीय!”

नेमकी त्याच वेळी माझी नात बस पकडायला उतारावरून येत होती. ती तोंडाने परीक्षेची उत्तरे पुटपुटत होती. पोराने बोट दाखवले, “ती बघा माझी!” नातीने ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी उभी राहिली. हवालदार म्हणाले, हाच पुरावा.

मला निरोप मिळाल्यावर मी खाली आले. नात बाकावर बसली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला फिर्यादी. दोन्ही सायकली झाडाखाली, मुद्देमाल म्हणून. मी हवालदारांना सांगितले की बाळा, पोरीला जाऊ दे, मी बसते तिच्या जागी. ते म्हणाले, “तसं बदलीवर चालत नाही आजी. साहेब सगळ्यांना घेऊन बंदोबस्ताला गेलेत. मी एकटाच आहे. ते आल्याशिवाय सायकल हलणार नाही, संशयितही हलणार नाही.” मी विचारले, संशयित कोण? त्यांनी पेनाने नातीकडे दाखवले. नातीने माझ्याकडे पाहिले नाही. ती वही उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

त्यानंतर बस आली. थांबा फाटकासमोरच आहे. नर्स उतरली नाही, तिला आज दिवसाचीही पाळी करायची होती. कंडक्टरने आत डोकावून पाहिले, नातीला पाहिले, घंटी मारली नाही. थोडा वेळ वाट पाहिली. मग मारली. बस गेली. हे मी मुद्दाम लिहायला लावले आहे.

पुढची बस पकडून परीक्षेला पोचता येत नाही. तेव्हा फिर्यादी, जो इतका वेळ घरातली बरणी फोडल्यासारखा बसला होता, तो हळूच नातीला म्हणाला, “कालव्याच्या रस्त्यानं सायकलवर गेलं तर बसच्या आधी पोचतो. बस चुकली की मी तसाच जातो.” नात म्हणाली, “तुझ्यामुळेच बसलेय ना इथे!” तो म्हणाला, “माहितेय.” एवढेच मी ऐकले.

त्यानंतर मला बऱ्याच गोष्टी आठवू लागल्या व मी हवालदारांना म्हणाले की माझा जबाब सविस्तर घ्या. ते खूष झाले. उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून मी त्यांना टेबल फिरवून घ्यायला सांगितले. टेबल फिरवल्यावर त्यांची पाठ बाकाकडे झाली.

मी सांगितले की आमच्या इमारतीच्या जिन्यावर दिवा नाही. नर्सला कोबी आवडत नाही. नात लहानपणी सायकल शिकताना दर वेळी माझ्याच अंगावर येई, मी कुठेही उभी राहिले तरी. हे सगळे हवालदारांनी आधी लिहून घेतले आणि नंतर खोडले, त्यात त्यांचा दोष नाही. मी त्यांना विचारले की तुम्ही स्वतः कशाने येता? म्हणाले, सायकलने. कुलूप कुठले? म्हणाले, कोपऱ्यावरचे. तेव्हा मी म्हणाले, मग नातीची किल्ली घ्या आणि तुमच्या कुलपाला लावून बघा, म्हणजे चोरी की चूक ते आत्ताच कळेल.

हवालदारांची सायकल ठाण्याच्या मागच्या अंगाला उभी असते. नातीची किल्ली घेऊन ते निघाले. मी म्हणाले, मी साक्षीला येते. माझ्या गुडघ्यांमुळे जायला वेळ लागला. मागे गेल्यावर त्यांनी किल्ली लावली व कुलूप खटकन उघडले. त्यांनी परत लावली, परत उघडले. मग स्वतःशीच म्हणाले, “सहा वर्षं मी निवांत झोपतोय!” मी त्यांना धीर दिला. परत येताना माझ्या गुडघ्यांमुळे आणखी वेळ लागला. मधे मला दोनदा टेकावे लागले.

आत आल्यावर हवालदारांनी माझ्यासमक्ष लिहिले की कुलपे एकमेकांना लागतात, सबब चोरीचा हेतू दिसत नाही. मी म्हणाले, ‘दिसत नाही’ नको, ‘नाही’ लिहा. त्यांनी लिहिले. मग नातीची सही घ्यायला ते मागे वळले.

बाक रिकामा होता. झाडाखाली एकच सायकल होती, फुटक्या कुंड्यांतली. ब्रेक लागणारी सायकल नव्हती. नातीची किल्ली हवालदारांच्या हातात होती. फिर्यादीची किल्ली त्यांनी मागितलीच नव्हती.

हवालदारांनी मला विचारले की तुम्ही त्यांना जाताना पाहिले काय? मी सांगते की मी त्या वेळी मागच्या अंगाला हवालदारांसोबतच होते, हे त्यांनाच माहीत आहे. त्यांनी विचारले, तुम्ही त्यांना जायला सांगितले काय? मी सांगते की मी दोघांशी एक अक्षर बोलले नाही. मागे जाताना नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. तो आजी कधीही फिरवते. त्यांनी विचारले, मुद्देमाल पळवला हा गुन्हा आहे, माहीत आहे का? मी विचारले, सायकल ज्याची तोच घेऊन गेला तर पळवली कोणी? आणि फिर्यादीच संशयिताच्या मागे कॅरिअरवर बसून गेला असेल तर फिर्याद कोणाकडे राहिली? हवालदार म्हणाले, “कॅरिअरवर बसून गेला हे तुम्हाला कसं कळलं?” मी म्हणाले, एका सायकलवर दोघे दुसरे कसे जाणार? आणि पुढे बसून दामटणार कोण, हे मी माझ्या नातीला ओळखते म्हणून सांगितले.

साहेबांना काय सांगू, असे म्हणून हवालदार डोके धरून बसले. मी त्यांना पाणी दिले. कुंड्यांपुरते पोरगा स्वतः येऊन रोपे लावून देईल, असे मी माझ्या जबाबदारीवर सांगते. ब्रेकचे आता दोघी मिळून बघतील, कारण घरी गेल्यावर मी दोघींना समोरासमोर बसवणार आहे.

जबाब वाचून दाखवणे चालू असताना ठाण्याचा फोन वाजला. फिर्यादी बोलत होता. हवालदारांनी फोन माझ्या कानाला लावला. त्याने सांगितले की ते दोघे पोचले तेव्हा नातीच्या आधीचे नाव पुकारले होते. आता ती आत गेली आहे व तो बाहेर व्हरांड्यात उभा आहे. माझी चोरीची तक्रार नाही, असेही त्याने हवालदारांना सांगितले. सायकल परत ठाण्यात आणून लावतो म्हणाला. मी म्हणाले, पोरगी येईल की रे बसने, तू पुस्तक परत कर आणि जा. तर तो म्हणाला, “नको आजी, संध्याकाळी बसला गर्दी असते. मी आणतो तिला सायकलवर.”

याबाबत माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.

हा जबाब मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, मधे फोनसाठी थांबून. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. जे हवालदारांनी खोडले तेही खरेच होते. ऐकून, समजून त्यावर माझा अंगठा उठवला आहे. शाईचा डाग टेबलाला लागला, तोही माझाच आहे.

समक्ष,
हवालदार (एकटे हजर)