सोललेले कंद

बोयसून या डोंगराळ गावाच्या नाक्यावर शेअर टॅक्सीला चौथा प्रवासी मिळेना. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या शोइराच्या कानावर मागचं बोलणं पडत होतं. मागे बादली मांडीवर घेतलेले म्हातारे वनस्पतीतज्ज्ञ आणि त्यांना न्यायला आलेली त्यांची विद्यार्थिनी.

"उस्ताद, ती बादली खाली ठेवा की."

"राहू दे, निगोरा."

"ट्यूलिपची नवी जात आहे, हे नक्की ना?"

"फूल वेगळं, पान वेगळं. पण कंदाच्या सालीला आतून लव कशी आहे, ते लिहिल्याशिवाय कोण मानणार?"

"मग लिहू की."

"बघ आत."

"अगं बाई. सगळे सोललेत?"

"धुऊन, सोलून. पाहुण्याच्या हातात मातीचं कसं द्यायचं, म्हणाल्या मी उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाई."

"पण त्यांना सांगितलं कुणी?"

"मीच. जेवताना म्हणालो, हा कंद मिळाला की माझ्या जन्माचं सार्थक झालं. सकाळी मी उठायच्या आत सासू-सुना सगळ्या डोंगरावर."

"आणि साली?"

"तंदूरमध्ये. त्यावरच माझी रोटी भाजली."

"डोंगरावर कंद असतील ना अजून?"

"शपथेवर सांगत होत्या, एकही मागे ठेवला नाही."

"मग आता?"

"बागेत लावू. जगले तर फुलतील कधीतरी. तोवर मी असेन-नसेन."

"तुम्ही त्यांना काहीच बोलला नाहीत?"

"बोटं सोलवटली होती गं त्यांची. म्हटलं, आपा, फार स्वच्छ निघालेत."