राहिलेली अट

सन्माननीय अध्यक्ष हंबीररावदादा, प्राचार्य जयराजसर, व्यासपीठावरची थोर मंडळी, गणित विभागातले यांचे सहकारी, भर उन्हात कवठे महांकाळपर्यंत आलेले पाहुणे, आणि मागच्या दाराशी उभं राहून चहाचा वास घेणारी आमची विद्यार्थी मंडळी, आपणा सर्वांना अंजना कोळेकरचा नमस्कार.

रिवाज असा, की सत्काराला उत्तर सत्कारमूर्तींनी द्यावं. इथं मात्र शाल यांच्या खांद्यावर, नारळ यांच्या मांडीवर, आणि उत्तर बायकोचं! प्राध्यापक धनाजी कोळेकरांच्या घरात हे नेहमीचंच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे बापडं. पण आज कारण वेगळं आहे आणि ते झाकून ठेवावंसं मला वाटत नाही. यांना विसर पडतोय. चष्मा-किल्ल्यांचा नव्हे. डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलंय, म्हणूनच हा निवृत्तीचा निरोप वेळेआधी. आज सकाळी मी यांच्या सदऱ्याची बटणं लावत होते, तर माझ्याकडे बघून अगदी अदबीनं विचारलं, "बाई, तुमी कुणाच्या वो?"

मी म्हटलं, "तुमच्याच." हसले. पटलं का, देव जाणे. तेव्हापासून एकच प्रश्न जिवाला लागलाय. हे आज या खुर्चीत बसलेत खरे, पण ते इथं आहेत का?

बघा, आत्ताही खिडकीतून मागच्या माळाकडं बघतायत. बघू द्या. ते माळाकडं बघायला लागले की समजायचं, गणित चाललंय.

मी रहिमतपूरची. प्राथमिक शाळेत शिकवण्यात जन्म गेला, माझी धाव अपूर्णांकांपर्यंत. लग्नानंतर मी भाकऱ्या थापत असताना हे चुलीपाशी पाट घेऊन बसायचे आणि सांगायचे, "ऐक, आज तुला आमचं गणित सांगतो." यांचे वडील हरिबामामा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारे. माळाचा नकाशा त्यांच्याकडं कधीच नव्हता. पण कुठं गवत किती, हे मामांना माहीत. पाणी कुठं किती खोल, हे सासूबाईंना. लांडग्याचं भ्या कुठं किती, ते चुलत्यांना. हे म्हणायचे, "अंजना, ही सगळी माळावरची मापं. जागोजागी बदलतात, पण एकदम उडी मारत न्हाईत. गुडघाभर गवत एका पावलात नाहीसं होत न्हाई, हळूहळू इरळ होतं. याला आमी कंटिन्युअस फंक्शन म्हणतो. दोन मापांची बेरीज कर, गुणाकार कर, पुन्हा मापच मिळतं. असल्या सगळ्या मापांचं मिळून जे घराणं, ती रिंग."

"बरं, मग?" मी विचारायची. भाकरी करपायची, दुसरं काय!

"मग आता माळ पुसून टाक. डोळ्यांपुढून घालव. नुसती मापं ठेव. त्या मापांवरनं माळ जसाच्या तसा परत उभा करता येतो!"

आणि माळावरचं एकेक ठिकाण कसं सापडायचं? तर जी जी मापं तिथं शून्य होतात, ती सगळी गोळा करायची. त्यांचं सगळ्यांचं मिळून शून्य होण्याचं जे एकच ठिकाण, तेच ते. काय आहे, यावरून नाही हो. काय काय नाहीसं झालं, त्यावरून ठिकाण ओळखायचं. तेव्हा मला हे सगळं हवेतलं वाटायचं. आता रात्रंदिवस तेच मनात घोळतं.

एक मात्र होतं. या सिद्धांताला एक अट आहे. ती मी दरवेळी विसरायची, आणि एरवी गरीब गाय असलेला हा माणूस तवा तापावा तसा तापायचा. "अगं, अट! अट सोडून सिद्धांत म्हंजे कासरा सोडून बैल!" जेवण तसंच टाकून मला ती अट म्हणायला लावायचे.

यांचं विसरणं आधी घरी नाही, वर्गात दिसलं. हे रोज वर्गात जायचे आणि तोच सिद्धांत पहिल्यापासून शिकवायचे. पोरांनी काय करावं? रोज नव्यानं ऐकल्यासारखं ऐकलं, सरांना वाईट वाटू नये म्हणून कालचीच शंका आज पुन्हा विचारली. इतके दिवस मला कुणी काही बोललं नाही. असली चूक आमच्याच पोरांनी करावी! शेवटी ही समोर बसलेली सोनम घरी आली आणि रडायलाच लागली. "काकू, सर रोज तेच शिकवतात," म्हणाली, "पण वाट रोज निराळी असते. कालची सिद्धता आज नसते. आमी लय भारी शिकलो, पण सरांना काहीतरी होतंय."

मी त्या पोरांना रागावले नाही. कशी रागावणार? ते ऐकून मीही रडले.

तर आता माझी मागणी. आमच्या घरी या. चहाला या, विनाकारण या, आणि यांच्याबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते यांना सांगा. गोडगोड तेवढंच निवडू नका, रिंग पुरी लागते. यांनी खडू फेकून मारला असेल, तोही घेऊन या. पेपर तपासायला उशीर केला, लग्नाला यायचं विसरले, पोरींना शिकू द्या म्हणून धनगरवाड्यावर जाऊन त्यांच्या बापांशी भांडले, सगळं आणा. कारण यांनीच मला शिकवलंय, की जागा कुठलीही असो, तिच्यावरची सगळी मापं आपल्या हाती असली, की ती जागा पुन्हा जशीच्या तशी...

काय? काय म्हणालात?

थांबा हो, टाळ्या नकोत. जयराजसर, तो माईक जरा यांच्यापुढं धरा. हं. पुन्हा म्हणा.

ऐकलंत? मागच्यांना ऐकू आलं? म्हणतायत, "अगं अंजना, अट ऱ्हायली. जागा कॉम्पॅक्ट पायजे."

हो. पाहिजे. जागा आटोपशीर पाहिजे, कडेनं कुठं निसटून जाता कामा नये. इतकी वर्षं ती अट मी खरोखरच विसरत आले. आज पाठ करून आले होते, आणि मुद्दाम गाळली.

माझं नाव घेतलं हो यांनी.

आता इथंच थांबते. संस्थेचे, आपणा सर्वांचे आणि या पोरांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणं राहिलं असेल, तर माझ्या पदरात घाला. एवढी एक चूक सोडून. ती यांनी सुधारलीय.