थांब म्हटलं तरी

नाही नाही, तो स्वल्पविराम काढून तिथे नवा शब्द घालू नका — बसा, सांगते. घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या आधीचे गृहस्थही आल्या दिवशी हेच करायला निघाले होते. हे बघा, काही बिघडलं की एरर पकडायची, तिला नाव द्यायचं आणि पुढे चालायचं — एवढंच प्रोग्रॅममधल्या या ओळीचं काम. तो ज्या भाषेत लिहिलाय, तिच्या जुन्या व्हर्जनमध्ये नावाआधी स्वल्पविराम लागतो, नव्यात एक शब्द. नव्याला स्वल्पविराम चालत नाही, जुन्याला तो शब्द कळत नाही, आणि कळलं नाही की अख्खी फाईलच वाचायला नकार. आपली फाईल मात्र एकच — इथे ऑफिसात आता नव्यावर चालवायचीय, रक्त तपासायच्या लॅबमध्ये चालते जुन्यावर. मशीन विकणारा म्हणतो, व्हर्जन बदललंत तर आमची जबाबदारी संपली. मग दोन फाईली करा की — मीही हेच म्हटलं होतं. साहेब म्हणाले, एक सांभाळताना नाकी नऊ येतात, दोन कशाला? आता सांभाळतं कोण? मी. नाक कुणाचं? माझंच.

म्हणून नाव द्यायचंच नाही. नुसतं पकडायचं आणि मागाहून विचारायचं, बाई गं, आत्ता काय बिघडलं? असं विचारलं की दोन्ही व्हर्जनं मुकाट्यानं उत्तर देतात. सोपं आहे की नाही? हां — ही खालची ओळ — बघितलीत वाटतं तुम्ही. नजर चांगली आहे तुमची. ती मी उद्या सांगणार होते. 'कुठलीही चूक झाली तर पकड आणि गप्प पुढे चल', असं लिहिलंय कुणीतरी. नव्या व्हर्जनमध्ये कीबोर्डवरून 'थांब' म्हटलं की प्रोग्रॅम थांबतो, कारण थांबण्याचा हुकूम भाषा बनवणाऱ्यांनी चुकांच्या कुटुंबातून वेगळा काढलाय. जुन्यात तो अजून एकत्र कुटुंबात. म्हणजे लॅबमध्ये प्रोग्रॅम अडकला आणि कुणी 'थांब' म्हटलं, तर तो हुकूमही चूक म्हणून पकडतो, गिळतो, आणि पुन्हा सुरू. मशीन तसंच बंद करता येत नाही — आत लोकांचं रक्त असतं. मग मला फोन. मी जायचं, कुठल्या नमुन्यावर अडकलंय ते बघायचं, सोडवायचं. दुरुस्त का नाही केलं? एका जागी केलं हो, चाललंही. साहेबांनी कपाळाला हात लावला — लॅब चालतेय ना, मग कशाला नसती उठाठेव?

रोज नाही, रोज कुठे. पण कधीही. म्हणून गाव सोडता येत नाही. नवरा आणि मुलगी गेले पुढे — त्याची बदली झाली, तिची शाळा सुरू झाली — मी म्हटलं, काम कुणाच्या तरी हवाली करून आलेच. सामानही गेलं. घरात एक पातेलं, एक चटई आणि मी. मुलीची वेणी आता तिथल्या शेजारीणबाई घालतात. परवा फोनवर म्हणाली, आई, तू येशील ना, तेव्हा पाहुण्यांच्या खोलीत झोपशील का? मी हसले. फोन ठेवल्यावर रडले, खोटं कशाला बोलू. राजीनामा? दिला ना. साहेबांनी घेतला, चहा मागवला, आणि दुसऱ्या दिवशी काम तेच. म्हणाले, कुणीतरी तयार करा, मग तुम्ही मोकळ्या. वर्ष होत आलं. तयार केले की — एक गेला, एक गेली, आणि ते गृहस्थ तर — त्यांनी सगळे स्वल्पविराम बदलले, लॅबमध्ये उपाशीपोटी आलेली माणसं दुपारपर्यंत ताटकळली, आणि हे जेवायला म्हणून गेले ते गेलेच. पण तुम्ही तसे नाही. ती खालची ओळ त्यांच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती. तुम्ही राहाल. राहाल ना?

पाणी? बाहेर उजवीकडे. बॅग राहू द्या की इथेच, कोण नेतंय — नको? बरं. अहो, उजवीकडे म्हटलं मी, तिकडे जिना आहे — हं. नाही, रागावले नाही. तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. जा तुम्ही. दार तेवढं ओढून घ्या.